पोळ्याला नंदी घरी गेला पाहिजे

नवीन वर्षाचं कालनिर्णय भिंतीवर लागलं की मी लाल पेन घेऊन बसते आणि आधी फुल्या मारते. प्रदर्शन कधी ठेवायचं ते नंतर बघू, कधी ठेवायचं नाही ते आधी. डिसेंबरात आमच्या नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. सिव्हिल लाइन्सचे रस्ते बॅरिकेड लावून बंद, सीताबर्डीत रोज मोर्चे. त्या दिवसांत उद्घाटन ठेवलं की पाहुणे मॉरिस कॉलेजच्या चौकात अडकतात आणि आपण समई घेऊन वाट बघत बसतो. फुली. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावी, म्हणजे आईबापांसकट अख्खं घर कडीकुलुपात. फुली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापिडा घालवायच्या पुतळ्यांची मिरवणूक; तेव्हा महाल-इतवारी या जुन्या भागांत स्कूटरही शिरत नाही. फुली. २५ मेपासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, तेव्हा सकाळी साडेदहा ते संध्याकाळी सहा सगळ्यांवर फुली. उरतं ते आपलं.

मी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर एका ट्रस्टच्या छोट्या कलासंग्रहालयात मदतीला जाऊ लागले. तीन खोल्या, एक व्हरांडा, मागे अंगण, एक क्लार्क, एक शिपाई आणि आम्ही चार रिकामटेकड्या बाया. अजब बंगल्यासारखा, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयासारखा, १८६३ पासूनचा सरकारी पसारा आमच्याकडे नाही, त्यामुळे दर ऋतूला काहीतरी नवं मांडलं नाही तर कुणी दारात उभं राहत नाही. तुमच्या गावात, वाचनालयात किंवा एखाद्या जुन्या वाड्यात असं काही करायचं मनात असेल, तर आम्ही ठेचकाळत जे शिकलो ते पुढे लिहिते.

सगळ्यात महागडी ठेच कूलरची. दुसऱ्या वर्षी आम्ही मे महिन्यात कागदावरची चित्रं लावली. १८ मेला आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन असतो, तो साजरा करायचा हौसेचा बेत. नागपूरचा मे तुम्हाला ठाऊक आहे. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पाहुण्यांचे हाल नकोत म्हणून आम्ही मोठे दोन कूलर भाड्यानं आणले, नवी खस लावून घेतली, आणि चोरीची भीती म्हणून खिडक्या घट्ट लावून टाकल्या. खोली छान गार, वाळ्याचा वास. तिसऱ्या दिवशी बघते तर फ्रेममधले कागद पापडासारखे लाटा खाऊन फुगलेले. आठव्या दिवशी एका चित्राच्या मागच्या पुठ्ठ्यावर राखाडी बुरशी.

चूक साधी होती. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या खसमधून ओढतो, म्हणजे हवेत पाणी घालतो. घरी आपण कूलर लावला की समोरची खिडकी किलकिली ठेवतो, म्हणून ती ओल बाहेर जाते. इथे तिला जायला जागाच नव्हती, मग ती कागदात शिरली. रात्री कूलर बंद, खोली पुन्हा कोरडी ठक्क. कागद, कापड, लाकूड यांना ओल आणि कोरडेपणा दोन्ही बाधतात, पण सगळ्यात जास्त बाधतं ते रोजचं खालीवर होणं. तंतू फुगतात, आकसतात, परत फुगतात आणि एक दिवस तडकतात.

तेव्हापासून आमच्याकडे आर्द्रतामापक आहे. काही शे रुपयांत ऑनलाइन मिळतो. सकाळी दार उघडल्यावर आणि संध्याकाळी कुलूप लावताना शिपाई आकडा वहीत लिहितो. कागद-कापडाला ४५ ते ५५ टक्के बरं. आपल्याकडे ते वर्षभर जमत नाही, एसी चोवीस तास चालवायची ऐपत नाही. म्हणून आम्ही उलटा विचार केला: हवा बदलत नसेल तर वस्तू बदला. उन्हाळ्यात आम्ही पितळ, ढोकरा (मेणाच्या साच्यातून ओतलेलं धातूकाम), दगड, भाजलेली माती असलंच मांडतो. चित्रं दाखवायचीच असली तर छापील प्रती, आणि तसं पाटीवर स्पष्ट लिहितो. वेळ सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी सहा ते आठ. मुलांचं शिबिर सातलाच सुरू. माठ व्हरांड्यात, खोलीत नाही. पन्हंही व्हरांड्यातच, कारण पन्ह्याचा हात आणि दोनशे वर्षांचा दिवा यांची गाठ पडू नये.

आता खरं सांगायचं ते नंदीचं.

तान्हा पोळा विदर्भाबाहेरच्यांना समजावून सांगावा लागतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं लाकडी बैल, म्हणजेच नंदी, सजवून घरोघर नेतात आणि त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळतो. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून ही चाल आहे असं इथे सांगतात. कुणाचा नंदी वीतभर असतो, कुणाचा कमरेएवढा. जुन्या घरांत आजोबांचा, पणजोबांचा नंदी माळ्यावर असतोच. आमच्या संग्रहालयात एकही नव्हता. पण महालातल्या एका गल्लीत विचारलं तर अकरा निघाले. म्हणून ठरवलं, विकत घ्यायचे नाहीत, उसने आणायचे.

उसनं आणायचं तर जूनमध्येच घरं धरा. पोळा श्रावणी अमावास्येला, कधी ऑगस्टच्या उत्तरार्धात, कधी सप्टेंबरात. फोनवर कुणी देत नाही. दोघींनी जायचं, चहाला नाही म्हणायचं नाही, आणि पहिल्या भेटीत वस्तू मागायची नाही, फक्त बघायची. दुसऱ्या भेटीत मागायची. एका आजींनी मला दोन तास बसवून घेतलं. चाळीतल्या तीन भांडणांचा इतिहास सांगितला आणि उठता उठता म्हणाल्या, "घेऊन जा बाई, पण तान्ह्या पोयाले आमच्या नातवाले तो घरी पायजे."

मी हो म्हणून आले आणि रिक्षात बसल्यावर डोक्यात उजेड पडला. नंदीचं प्रदर्शन लोक कधी बघायला येणार? पोळ्याला. आणि नंदी घरी कधी लागणार? पोळ्याला. अकराच्या अकरा घरांत तीच अट. आमच्यातल्या एकीचं म्हणणं पडलं, ज्यांचा नंदी आता फिरत नाही असेच आणू. पण फिरत नसलेला नंदी म्हणजे नुसतं लाकूडकाम. मला तो नको होता.

शेवटी तोडगा असा निघाला. प्रदर्शन पोळ्याच्या आधीच्या दुसऱ्या रविवारी उघडायचं. पोळ्याच्या संध्याकाळी प्रत्येक नंदी ज्याच्या त्याच्या घरी पोचवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल तर मारबत निघालेली असते, "घेऊन जा गे मारबत"च्या गजरात तुम्ही आणि नंदी दोघंही अडकाल. रिकाम्या जागी पाटी ठेवायची: 'नंदी घरी गेला आहे. परवा येईल.' आणि परवा परत आणायचा, अंगावरच्या ताज्या कुंकवासकट, बेगडासकट, नव्या ओरखड्यासकट. जातानाचा आणि आल्यावरचा फोटो शेजारी शेजारी लावायचा. अंदाज होता की रिकाम्या चौथऱ्यांपुढे लोक नाकं मुरडतील. झालं भलतंच. त्या दोन दिवसांत पाटी वाचून मुलं परवा पुन्हा आली, आणि सोबत घरच्यांना घेऊन आली.

पावतीबद्दल बारकाईनं सांगते, कारण घोळ तिथेच होतात. दोन प्रती करा, एक त्यांना, एक आपल्याला. वस्तू कुणाची, मापं, किती दिवसांसाठी, मधे कधी लागणार, पाटीवर कुटुंबाचं नाव टाकायचं की नाही, परत कोण आणून देणार. किमतीचा रकाना त्यांच्याच हातानं भरून घ्या, आपण अंदाज सांगू नये. आणि आधीपासूनची मोडतोड. ही त्यांच्यासमोरच, उजेडात, वस्तू फिरवून फिरवून लिहायची. त्या आजींच्या नंदीची नोंद माझ्या वहीत अशी आहे: सागवान, उंची सव्वा फूट, डावं शिंग नंतर बसवलेलं, रंगात फरक. चार चाकांपैकी मागचं उजवं नवं. वशिंडावर हात फिरून फिरून गुळगुळीत, तिथे लाकूड काळसर. कपाळावर कुंकवाचा जाड थर, कडेला भेगाळलेला. पोटाखाली पेन्सिलीनं कुणाचं तरी नाव, अर्धं पुसलेलं. चारही बाजूंनी फोटो, शेजारी फूटपट्टी ठेवून.

नोंद झाली की वस्तूला लगेच बाकीच्यांत मिसळू देऊ नका. काळ्या कार्डशीटवर आठवडाभर वेगळ्या खोलीत ठेवा. लाकडात कीड जिवंत असेल तर भोकाखाली पिठासारखा ताजा भुसा पडतो आणि काळ्यावर तो लगेच दिसतो. नुसती जुनी भोकं असली तर घाबरायचं कारण नाही. भुसा पडला तर वस्तू जाड पॉलिथिनमध्ये बांधून, हवा काढून, चिकटपट्टीनं बंद करा आणि घरच्यांना कळवा. साधं, बिनरंगाचं लाकूड असेल तर तशीच बांधलेली वस्तू उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवता येते. आम्हाला ओळखीच्या आइस्क्रीमवाल्यानं एक कप्पा दिला होता. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही, नाहीतर गार लाकडावर दव धरतं. रंगवलेल्या, मुलामा दिलेल्या वस्तूवर मात्र हा प्रयोग करू नका. ती घरी परत द्या.

आणि पुसू नका. हे मी मोठ्या अक्षरांत लिहून खोलीत लावलं आहे, त्याला कारण आहे. पहिल्या वर्षी आमच्यातल्या एकीनं उत्साहाच्या भरात ओल्या फडक्यानं आजींच्या नंदीचं कपाळ स्वच्छ केलं. मी बघितलं तेव्हा लाकूड चकचकीत होतं आणि फडकं लाल. पोळ्याला नंदी पोचवला. आजींनी त्याला मांडीवर घेतलं, कपाळावरून अंगठा फिरवला, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माह्या सासूच्या हातचं कुंकू होतं त्यात." पुढच्या वर्षी त्यांनी नंदी दिला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मी फक्त चहा पिऊन आले. चौथ्या वर्षी दिला. धूळ असेल तर मऊ, कोरडा ब्रश, तोही विचारून. त्यापलीकडे हात लावायचा नाही.

मांडणीतली एक गोष्ट पुस्तकात सापडत नाही: नंदीला चाकं असतात. रस्त्यावरून ट्रक गेला की तो चौथऱ्यावर पुढे सरकतो. आमचा एक काठाच्या दोन बोटं अलीकडे थांबला. आता प्रत्येक चाकाला दोन्हीकडून लाकडी पाचर असते, नमदा चिकटवलेली, म्हणजे ओरखडा पडत नाही. उचलताना पोटाखाली दोन्ही हात, शिंगाला कधीच धरायचं नाही. उंची ठरवायला मी पाचवीतलं एक मूल समोर उभं करते आणि नंदीचा डोळा त्याच्या डोळ्यासमोर येईल असा चौथरा लावते. मोठ्यांना थोडं वाकावं लागतं, वाकू द्या. मखमली झूल असेल तर उजेड ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आत ठेवा, कापडाचा रंग उडाला की परत येत नाही. फोनवरचं अॅप ढोबळ आकडा दाखवतं, तेवढ्यावर भागतं. व्हरांड्यातलं ऊन नकोच.

पाट्या आम्ही पहिल्यांदा अशा लिहिल्या होत्या: 'लाकडी नंदी. सागवान. विसावे शतक. खासगी संग्रह.' एकानंही वाचल्या नाहीत. नंतरची एक पाटी अशी: 'हा नंदी दर तान्ह्या पोळ्याला महालातल्या गल्लीत फिरतो. डावं शिंग नवं आहे. जुनं एका भांडणात मोडलं. भांडणारे दोघे आता आजोबा झालेत.' लोक थांबायला लागले. त्यातला एक आजोबा स्वतः बघायला आला आणि दुसऱ्याला फोन लावला. चाळीस-पन्नास शब्दांपुढे जाऊ नका, अक्षर २४ पॉइंटपेक्षा बारीक नको. आधी मराठी, खाली हिंदी. नागपुरात हिंदीशिवाय अर्धे लोक दारातच राहतात.

नंदीसोबत दोन कार्यक्रम होतात. एक झडत्यांचा. पोळ्याला तोरणाखाली शेतकरी ज्या झडत्या, म्हणजे पारंपरिक लोककवनं, म्हणतात, त्या म्हणणारे दोघंतिघं जवळच्या खेड्यातून बोलवायचे. त्यांना माइक देऊ नका आणि खोलीत बसवू नका. झडती उभ्यानं, मोकळ्यात, जोरात म्हणायची असते, आणि शेवटी सगळ्यांनी 'हर बोला हर हर महादेव' म्हणायचं असतं. त्यांचं मानधन आणि येण्याजाण्याचं भाडं त्याच दिवशी पाकिटात हातात द्या. 'नंतर पाठवतो' म्हणू नका.

दुसरा मातीचे बैल करण्याचा. एका तुकडीत पंचवीस मुलं, त्यापुढे नाही. काळी माती आदल्या रात्री भिजवून, खडे काढून, मळून ठेवायची. पाय बारीक केले की बैल बसतो, म्हणून आधी पायच करायला सांगते, मुळ्याएवढे जाड. श्रावण-भाद्रपदाच्या ओलीत बैल वाळायला तीन दिवस लागतात. सुरुवातीला हे आम्हाला संकट वाटलं, मुलं रडायची. आता आम्ही सांगतो, बैल इथेच वाळेल, तीन दिवसांनी न्यायला या. न्यायला येताना आई येते, आजी येते, आणि प्रदर्शन बघून जाते. जाहिरातीवर एवढी माणसं कधी आली नाहीत.

बाकीचं वर्ष मी भराभर सांगते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक दीक्षाभूमीवर येतात, महाराष्ट्रभरातून आणि बाहेरूनही. त्या तीन दिवसांत आम्ही सुट्टी घेत नाही, उलट सकाळी लवकर उघडतो, तिकीट नाही. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं केलेल्या उत्खननात मोठा स्तूप निघाला, त्यावरचे फोटो आणि नकाशा लावतो. माणसं रात्रभर प्रवास करून आलेली असतात. त्यांना आधी पाणी, बसायला सतरंजी आणि स्वच्छ संडास लागतो, फोटो त्यानंतर. हे पहिल्या वर्षी सुचलं नव्हतं. एक बाई लेकराला मांडीवर घेऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या आणि तिथूनच परत गेल्या.

संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. त्याला जोडून साड्यांचं प्रदर्शन. विदर्भातल्या टसरच्या करवतकाठी साड्या, काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेल्या, घरोघरच्या कपाटांतून मागवायच्या. त्याही उसन्याच. खिळ्यावर टांगायच्या नाहीत, जाड पुठ्ठ्याच्या नळीवर मऊ सुती कापड गुंडाळून त्यावरून सोडायच्या, नाहीतर घडीवर चिरतात. हळदीकुंकवाचं तबक आणि साड्या यांच्यात एक भिंत असू द्या. वाण म्हणून आम्ही प्लास्टिकचे डबे वाटत नाही, साडीच्या काठाचं चित्र छापलेलं कार्ड आणि त्यामागे कापड कसं जपायचं याच्या चार ओळी देतो. सुरुवातीला बायकांनी तोंडं वाकडी केली. आता मागून नेतात.

शाळांच्या सहली जानेवारीतच येतात. शिक्षकांना आधीच सांगा, तीनही खोल्या दाखवणार नाही, दोन वस्तू दाखवू आणि प्रत्येकीपुढे दहा मिनिटं बसू. आत फक्त पेन्सिल. स्केचपेन आणि पाण्याच्या बाटल्या व्हरांड्यात. जी मुलं बघू शकत नाहीत त्यांच्यासाठी सुताराकडून नवा नंदी करून घेतला आहे, हाताळायला. खरं तर सगळीच मुलं त्यालाच चिकटतात.

प्रदर्शन उतरवलं की आठ दिवसांच्या आत प्रत्येक वस्तू स्वतः पोचवा. शिपायाच्या हाती पाठवू नका. पावतीवरची नोंद पुन्हा वाचून दाखवा, सही घ्या, पाटी आणि फोटो त्यांना भेट द्या. मागच्या वर्षी आजींकडे नंदी परत दिला तर त्यांनी तो फळीवर ठेवला, पाटी देव्हाऱ्याशेजारी टेकवली, आणि सुनेला म्हणाल्या, पलंगाखालची पेटी ओढ. आतून सुती नऊवारीची एक घडी निघाली, कडेला जरा कुरतडलेली. मी हात पुढे केला नाही.

"हिचं कुंकू नाही पुसता येत," आजी म्हणाल्या, "ने."

मी पिशवीतून पावतीपुस्तक काढलं.